मागचं चाक

गिन्ताउतास झुकास, वय एकावन्न,
कौनास शहरात सात नंबरची ट्रॉलीबस चालवतो.
छपरावर दोन लांब दांडे, वर विजेच्या दोन तारा.
एकोणीस वर्षांत त्याच्या चाकाखाली
आली असेल तर एक लोकरी टोपी.

नोव्हेंबरात, बेकरीपुढच्या वळणावर
मागचं चाक कशावरून तरी गेलं.
धप्प.
आरशात पाहिलं : ओला रस्ता.
पुन्हा पाहिलं : ओला रस्ता.
पण आतून कोणीतरी म्हणालं,
आणि आरशात मावत नाही ते?

त्या रात्री पाळी संपल्यावर तो टॉर्च घेऊन निघाला,
पायी, सगळा मार्ग उलटा.
बेकरीपाशी खड्डा सापडला, खड्ड्यात भिजलेलं पोतं.
सुटलो, म्हणाला.
ते सुटणं जेमतेम अंथरुणापर्यंत पुरलं.

मग रोज.
बर्फ पडू लागल्यावर बुटाच्या टोकाने बर्फ उकरून.
हॉस्पिटलांना निनावी फोन.
पेपरातल्या अपघातांवरून बोट.
आणि सुपाच्या वाफेतून दांगुओलेला :
कोणी ओरडलं नसेल ना?
नाही रे.
नक्की?
नक्की.
एका संध्याकाळी हे ‘नक्की’ तिने चाळीस वेळा दिलं,
शेजारणीला पीठ द्यावं तसं,
वाटी परत न मागता.

डेपोत म्हणायचे, फार पापभीरू माणूस.
दवाखान्यातली स्कैस्ते, त्याच्या मुलीच्या वयाची,
म्हणाली, नाही, हा आजार आहे,
आणि तुमच्यासारखे या शहरात पुष्कळ आहेत,
ते कुलपं ओढून बघतात, हात धुतात,
तुम्ही रस्ता धुताय.

(आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणत
आणि हसून सोडून देत.
मला विचाराल तर, डोक्यातला कंडक्टर
डबल बेल द्यायलाच तयार नाही.
सगळे चढले, दार लागलं,
तरी हा दोरी धरून उभा.)

डॉक्टरांनी गोळी दिली, पांढरी, मसुरीएवढी.
पंधरा दिवस तोंड कोरडं, झोपेचे तुकडे.
दोनदा ती बेसिनमध्ये टाकली, तिसऱ्यांदा गिळली.
आठव्या आठवड्यात तो आवाज
गेला नाही,
शेजारच्या खोलीत राहायला गेला.

उरलेलं काम गाडीतच.
रिकामी बस, तिसऱ्या सीटवर स्कैस्ते.
आरसा चालकाने बघायचा तेवढा बघा.
त्याच्यासाठी दुसऱ्यांदा नाही.
गतिरोधक. धप्प.
त्याचे कान लाल, स्टिअरिंग ओलं.
सांगा ना, काही नव्हतं ना?
कदाचित, ती म्हणाली.
त्यांच्या भाषेत कदाचितला ‘गल’ म्हणतात.
गळच तो. टाळूत रुतला
आणि त्याने तो घेऊन पाच थांबे गाडी चालवली.

दांगुओलेलाही हाच शब्द द्यायला सांगितला होता.
तिला तो जमेना.
तीस वर्षांच्या संसारात माया कमी करायला
कोणी सांगितलं नव्हतं, तेही औषध म्हणून.
पहिल्यांदा ‘गल’ म्हणाली तेव्हा
सिंककडे वळून
धुतलेली बशी पुन्हा धूत राहिली.

मार्चमध्ये, बर्फ वितळताना, त्याच वळणावर
धप्प.
तो पुढे गेला.
आणि पुढच्याच चौकात दांडे तारांवरून निसटले, गाडी मेली.
आता खाली उतरणं भाग, मागे जाणं भाग.
रस्ता तिथेच होता, बेकरीपर्यंत उघडा,
नुसती मान वळवायची.
तेरा प्रवासी काचेतून बघत होते,
एका बाईच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे.

त्याने दोऱ्या धरल्या आणि वर पाहिलं.
एक दांडा बसला.
दुसरा दोनदा चुकला, मग बसला, निळी ठिणगी.

अजूनही कधी रात्री तो बूट चढवतो,
दाराशी स्टुलावर बसतो.
आतून दांगुओलेचा आवाज येतो, सूप गार होतंय.
नाड्या सोडायला त्याला
कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास.